सुखसोयी कमी करून ख्रिस्ताचा आनंद खरंच मिळतो का? घरसंसार असताना हे कसं करायचं?

चिंचवडकर

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकतो, लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

मी मूळचा नगरचा, वडील चर्चचे पाळक होते. आता चिंचवडला असतो, वय ४६, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर आहे. बायको शाळेत शिकवते, मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. राहतं घर थ्री बीएचके, त्याचं लोन संपत आलंय. हिंजवडीला दुसरा फ्लॅट इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतला त्याचा हप्ता जोरात चालू आहे. गाडी दोन वर्षांपूर्वी मोठी घेतली. म्हणजे तक्रार करावी असं काही नाही, देवाने भरभरून दिलंय हे रोज म्हणतो.

पण आनंद नाहीये हो. सकाळी प्रार्थनेला बसलं की डोक्यात हप्ता, मेंटेनन्स, पुढे भाडेकरू मिळाला नाही तर काय, प्रमोशन हुकलं तर काय. रविवारी उपासनेत पाळकसाहेब बोलत असतात आणि माझं मन बिल्डरच्या पझेशन लेटरवर.

आणि मग वडील आठवतात. मिशन कंपाउंडात दोन खोल्या, पगार एवढुसा. पगार झाला की पहिलं काम काय तर पलंगावर पैसे मोजायचे, दशांश बाजूला काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, मग दुधवाल्याचे, मग किराण्याचे, आणि उरले तर आमच्या चपला. खेड्यातून कोणी ना कोणी दवाखान्याच्या कामाला नगरला आलं की मुक्काम आमच्याकडे, आई अंड्याच्या रश्श्यात अजून दोन तांबे पाणी घालायची. रात्री लाइट गेली की रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं, वडिलांचा आवाज इतका मोकळा असायचा की शेजारचे येऊन बसायचे. त्या माणसाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नाही. माझ्याकडे त्याच्या पन्नासपट आहे आणि मी रोज घाबरलेला असतो.

बायबलमधल्या मार्कच्या दहाव्या अध्यायातला तो श्रीमंत तरुण, येशूने सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर कष्टी होऊन गेलेला, माझ्या डोक्यातून जात नाही. मला वाटतं हिंजवडीचा फ्लॅट विकावा, गाडी विकून छोटी घ्यावी, जमलं तर नोकरीतही थोडं मागे यावं, आणि जे मोकळं होईल ते पैसे आणि वेळ प्रभूच्या कामाला द्यावा. बायकोशी बोललो. ती शांतपणे म्हणाली, तू सोडशील, पण भोगायचं आम्ही. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती लोभी बाई नाही, उलट माझ्यापेक्षा जास्त देणारी आहे.

तर विचारायचं हे, की ज्यांनी असं केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा, सोडल्याने खरंच आनंद मिळतो की ते फक्त प्रवचनात बरं वाटतं? आणि घरच्यांना बरोबर घेऊन हे कसं करायचं?

भिंगारची मावशी

सलाम बाळ. तू नगरचा, टिळकांची गीतं ऐकत वाढलेला, म्हणून तिथूनच सुरू करते.

रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी केवढं सोडलं हे आपण सगळे सांगतो. घर, जात, नातेवाईक, बायकोमुलाचा सहवाससुद्धा. पण माझ्या मते तुझ्या प्रश्नाशी जास्त जुळतं ते १९१७ साल. तोवर त्यांचं बस्तान बसलेलं होतं. अमेरिकन मराठी मिशनचा पगार, नगरला सेमिनरीत शिकवणं, दीक्षित पाळक, ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकाचं मराठी संपादन, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव. आणि अशा वेळी, पंचावन्नी ओलांडल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले, साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. का? पगाराचा त्यांना मोह होता म्हणून नाही, पैसा तर त्यांच्या हातात तसाही कधी टिकला नाही. त्यांना सलत होतं ते हे की लोक म्हणतात हा पगारी प्रचारक आहे. त्यांना आपल्या लोकांसमोर मोकळ्या हाताने उभं राहायचं होतं, बाप्तिस्मा घेतलेला असो नसो, ख्रिस्ताला गुरू मानणारा प्रत्येकजण जिथे बसू शकेल असा दरबार हवा होता. म्हणजे आधी काहीतरी हवं होतं, आणि त्याच्या आड पगार येत होता म्हणून पगार सुटला. हा क्रम लक्षात घे.

आता दुसरी बाजू, आणि ही मी बाई म्हणून सांगते. टिळकांच्या प्रत्येक त्यागाचा हिशेब लक्ष्मीबाईंनी चुलीपाशी दिला. घरात पैसा नसताना पाहुणे, परकी मुलं सांभाळणं, नवरा कधी कुठला निर्णय घेईल याचा नेम नाही. त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात हे सगळं लपवून न ठेवता लिहिलंय. टिळक गेले ९ मे १९१९ ला, म्हणजे दरबार जेमतेम दीड-दोन वर्षांचा होता. मागे लक्ष्मीबाई राहिल्या, आणि ख्रिस्तायन हे टिळकांचं ख्रिस्तावरचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं ते त्या माऊलीने पूर्ण केलं, जिचं शाळेतलं शिक्षण म्हणशील तर काहीच नाही.

पण लक्ष्मीबाई टिळकांच्या मागे फरपटत ख्रिस्ती झाल्या नाहीत हे विसरू नकोस. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५, त्यांचा १९००. मधली वर्षं त्या झगडल्या, विचार केला, स्वतःच्या पायाने आल्या. म्हणून पुढचं सगळं त्यांना पेललं. तुझ्या बायकोलाही तेवढा वेळ दे. ती जे बोलली ते फार खरं बोलली, आणि प्रभू तुझ्याशी तिच्या तोंडून बोलत नसेल कशावरून?

वसईचा माळी

जय ख्रिस्त. मी कॅथलिक आहे, वसईचा, थोडं आमच्या बाजूचं सांगतो.

लोकांना वाटतं सगळ्या फादर लोकांनी गरिबीचं व्रत घेतलेलं असतं. तसं नाहीये. आमच्या पॅरिशचे फादर धर्मप्रांतीय आहेत, त्यांचं वचन ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञापालनाचं. गरिबीचं व्रत असतं ते संघांच्या लोकांचं, म्हणजे जेझुइट, फ्रान्सिस्कन, सिस्टर लोकांचे संघ वगैरे. आणि त्यांनासुद्धा ते एकट्याने जगायचं नसतं, सगळं सामाईक असतं, आजारी पडलं तर संघ बघतो. चर्चने ही अक्कल शेकडो वर्षांत कमावली आहे की सगळं सोडणाऱ्याला सांभाळणारं कोणीतरी लागतं. तुम्ही एकटे फ्लॅट विकून बसलात आणि मागे चर्चची मंडळी उभी नसेल तर सहा महिन्यांत चिडचिड सुरू होईल हे मी लिहून देतो.

संत फ्रान्सिसचं सगळ्यांना माहीत असतं, असिसीच्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा, १२०६ साली बिशपांसमोर अंगावरचे कपडे काढून बापाला परत दिले. पण पुढचं कमी लोकांना माहीत असतं. त्याचं बघून लग्न झालेली माणसं, दुकानदार, शेतकरी त्याच्या मागे लागली की आम्हालाही यायचंय. बायको-मुलं टाकून या असं त्यांना सांगितलं गेलं नाही, त्यांच्यासाठी तिसरा संघ निघाला, १२२१ मध्ये त्यांचे नियम लिहिले गेले. घरी राहा, संसार करा, कपडे साधे, मेजवान्यांपासून लांब, उपास पाळा, भांडणं मिटवा, देणी चुकवा, गरिबांचं बघा. देणी चुकवा हे त्यात आहे हं, म्हणजे हप्ता बुडवून दान नाही. हंगेरीची संत एलिझाबेथ या संघाची आश्रयदाती, ती राजघराण्यातली, नवरा क्रुसेडला जाताना वारला, तिने तिच्या हक्काच्या पैशातून मारबुर्गला हॉस्पिटल बांधलं आणि तिथे स्वतः रोग्यांची सेवा केली. तर तुमच्यासारख्या गृहस्थाचा रस्ता आठशे वर्षांपूर्वीचा आहे, नवीन शोधायची गरज नाही.

आता आनंद मिळतो का याबद्दल. आमच्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आला तसं लोकांनी वाड्या विकल्या, केळी गेली, पानवेली गेल्या, बंगले झाले, आणि लग्नात हॉल, बँड, ड्रोन, शंभर प्रकारचं जेवण, सगळं एकमेकांकडे बघून. आमच्या पॅरिशमध्ये एका कुटुंबाने मागच्या वर्षी उलटं केलं. मुलीच्या लग्नाला मिस्सा आणि दारातल्या मांडवात साधं जेवण, भावकीतल्या बायांनी आदल्या रात्री बसून कांदा चिरला, लसूण सोलला, आणि हॉलचे जे पैसे वाचले ते गरिबांना मदत करणाऱ्या आमच्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे दिले, त्यातून डायलिसिसवाल्या दोघांचा खर्च निघतोय. मी त्या रात्री तिथे होतो. बाया मसाला वाटत गात होत्या, म्हातारी माणसं जुन्या लग्नांच्या गोष्टी सांगत होती, पोरं मोबाइल टाकून निखाऱ्यापाशी बसलेली. मुलीची आई मला म्हणाली की केटरिंग असतं तर मी आज नुसती चेकबुक घेऊन फिरत असते.

मार्क दहाव्या अध्यायात तो तरुण गेल्यावर पुढे वाचा. प्रभूचा शिष्य पेत्र म्हणतो आम्ही सगळं सोडलं. प्रभू त्याला म्हणतो की शंभरपटीने मिळेल, घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, आणि त्याबरोबर छळसुद्धा. या जगातच मिळेल म्हणतो, नुसतं स्वर्गात नाही. तुमच्या वडिलांच्या दोन खोल्यांत खेड्यातली माणसं मुक्कामाला यायची ना, ती शंभर घरं झाली की हो त्यांची. त्यांना भीती वाटत नव्हती कारण कुठल्याही गावात त्यांच्यासाठी एक दार उघडं होतं. तुमच्या सोसायटीत किती दारं उघडी आहेत बघा.

जालनेकर

वरचं सगळं छान आहे पण मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

मी मिशनच्या बोर्डिंगात शिकलो. आईबाप ऊसतोडीला जायचे. गरिबी काय असते ते मला कोणी सांगायला नको. भाकरी कमी आहे म्हणून आई जेवलेच म्हणून सांगायची, दवाखान्याला उशीर झाला म्हणून धाकटी बहीण गेली, यात मला कुठे आध्यात्मिक आनंद दिसला नाही. म्हणून साधेपणावर लिहिताना कृपा करून गरिबीची गोडी लावू नका. निवडलेली साधी राहणी वेगळी, लादलेली गरिबी वेगळी. आणि आमच्यातल्या बऱ्याच लोकांच्या पाठीशी काहीच नसतं, १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळे आमच्या पोरांना एक फ्लॅट, एक नोकरी म्हणजे चैन नाही, पिढ्यांनी पहिल्यांदा पाय टेकायला जागा मिळाली ती. अशा माणसाला सोडून दे म्हणणारा प्रचारक मला चालत नाही.

पण चिंचवडकर साहेब, तुम्ही त्या जागेवर नाही. तुमच्याकडे राहतं घर आहे आणि त्याच्यावर अजून एक आहे. म्हणून तुमचा प्रश्न खरा आहे आणि तुम्ही तो विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला.

मला तुमच्यासाठी श्रीमंत तरुणापेक्षा जक्कय जवळचा वाटतो, लूकचा एकोणिसावा अध्याय. त्याने सगळं दिलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. आणि प्रभू म्हणाला आज या घराला तारण, म्हणजे उद्धार, झालं. घराला! बायकापोरं, नोकरचाकर सगळे त्यात आले. बघा तो तरुण चांगला होता, आज्ञा पाळणारा, प्रभूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं, तरी तो कष्टी होऊन गेला. आणि हा लाचखाऊ जकातदार, याने आनंदाने प्रभूला घरात घेतलं, आनंदाने हा शब्द तिथे लिहिलेला आहे आणि तो एक पैसा देण्याच्या आधी आलाय. आधी प्रभू जेवायला आला, मग तिजोरी उघडली. तुम्ही तिजोरी उघडून आनंदाची वाट बघत बसाल तर ते उलटं होईल असं मला वाटतं.

प्रेषितांच्या पुस्तकात बर्णबाने शेत विकून पैसे आणून दिले, लगेच पुढे हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची गोष्ट, थोडे पैसे मागे ठेवून सगळे दिले म्हणणाऱ्यांची. पेत्र हनन्याला काय म्हणतो? विकण्याआधी ते तुझंच होतं ना, विकल्यावरही तुझ्याच हातात होतं ना. म्हणजे जबरदस्ती नव्हती कोणाची. पाप होतं ते सगळं दिलं असं दाखवण्यात. तर दाखवण्यासाठी काही करू नका, मंडळीत अनाउन्समेंट तर अजिबात नको.

आणि ज्याला द्यायचं त्याला आधी विचारा की तुला काय लागतं. आमच्या बोर्डिंगात लोक फाटके स्वेटर आणून द्यायचे आणि फोटो काढायचे, आम्हाला लागत होती ती जूनमधली फी.

चिंचवडकर

तुम्हा तिघांचं वाचून रात्री झोप लागली नाही, चांगल्या अर्थाने. बायकोला पूर्ण थ्रेड वाचायला दिला. लक्ष्मीबाईंचा भाग तिने दोनदा वाचला आणि जक्कयावर म्हणाली हे मला पटतं. ती म्हणते फ्लॅटला तिचा विरोध नाहीच, तिला भीती आहे मुलीच्या शिक्षणाची आणि म्हातारपणाची. आणि अजून एक म्हणाली जे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं, की नोकरीत मागे यायचं असेल तर आधी घरी वेळेवर ये, मोबाइल बाजूला ठेव, मग पुढचं बोलू.

जालनेकर दादा, बहिणीचं वाचून गलबलून आलं. तुम्ही लिहिलंत ते मनात कोरून ठेवलंय.

एक विचारतो. समजा फ्लॅट विकला तर लोन फिटून काही रक्कम उरेल. मुलीसाठी बाजूला ठेवणं म्हणजे विश्वास कमी पडला असं होतं का? कारण वाचलेलं आठवतं की जॉर्ज म्यूलर यांनी ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि माणसाकडे पैसे मागितले नाहीत, फक्त प्रार्थना केली.

केडगावजवळची

तुम्ही म्यूलर यांचं नाव काढलंत म्हणून लिहितेय, मी केडगावच्या जवळच राहते, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनच्या अंगणात लहानपण गेलं.

पंडिता रमाबाईंवर म्यूलर यांच्या कामाचा प्रभाव होता, त्याही विश्वासावर चालवायच्या सगळं. पण विश्वासावर चालवणं म्हणजे हिशेब नाही असं कोणी समजू नका. रमाबाई हिशेबाला अतिशय काटेकोर होत्या. आणि बघा, स्वतः आयुष्यभर साधं पांढरं लुगडं, स्वतःचं म्हणून काही नाही, पण मुक्तीसाठी त्यांनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडं लावली, गोठा, विणकाम, छापखाना उभा केला. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या, १९०० च्या दुष्काळात अजून. विहीर आणि शेत नसतं तर त्या मुलींना काय घातलं असतं? त्यांनी स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावली होती, उपाशी पायी हिंडल्या होत्या, भूक म्हणजे काय हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून दुसऱ्याच्या भुकेची तजवीज त्यांनी जमिनीत, पाण्यात, कामात केली.

तेव्हा वस्तू, जमीन, पैसा यांचा तिरस्कार करायचा नाहीये. ते कोणासाठी आहे एवढं बदलायचं. तुमचा हिंजवडीचा फ्लॅट आज कोणासाठी आहे? तुमच्या भीतीसाठी आहे, तुम्हीच लिहिलंत. मुलीच्या कॉलेजचे पैसे मुलीसाठी आहेत, ते ठेवा, त्यात अविश्वास कसला. इजिप्तच्या संत अँथनीने, ज्याला सगळे संन्यासी आपला मूळपुरुष मानतात, त्यानेसुद्धा सगळं वाटताना धाकट्या बहिणीचं आधी बघितलं, तिला ओळखीच्या भक्त स्त्रियांकडे सोपवलं आणि मग निघाला. तुमच्या घरात तर बायको आणि दोन मुलं आहेत.

आनंदाबद्दल विचारलंत. मुक्तीतल्या म्हाताऱ्या बायका मी पाहिल्यात. एक पत्र्याची पेटी, दोन लुगडी, एक बायबल, आणि आंधळ्या बाईचा हात धरून तिला जेवणाच्या हॉलमध्ये नेणारी दुसरी म्हातारी. त्यांच्यात भांडणंही व्हायची, रुसवेफुगवे असायचे, देवदूत नव्हत्या त्या. पण आपलं कोणी नाही, आपलं काय होणार ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. मला वाटतं तुमच्या वडिलांच्या चेहऱ्यावर तुम्ही तेच बघत होतात.

भिंगारची मावशी

केडगावच्या बाईंनी माझ्या मनातलं लिहिलं. बाळ, तुझ्या बायकोला माझा सलाम सांग. ती म्हणते तसं घरी वेळेवर येण्यापासून कर. संध्याकाळची कौटुंबिक उपासना चालू आहे का तुमची? नसेल तर चौघांनी बसा, एक गीत, एक अध्याय, दहा मिनिटं. मुलांनासुद्धा फ्लॅटचं सांगा, मोठी आहेत ती. घराला तारण झालं म्हणतो ना प्रभू, मग पोरांना न विचारता कसं चालेल.

चिंचवडकर

मुलांना काल सांगितलं. मुलगा म्हणाला छोटी गाडी घेतली तर पार्किंगला बरी. मुलगी गप्प होती, मग म्हणाली माझी फी ठेवून बाकीचं आपण आजोबांच्या गावाकडच्या मुलींसाठी करूया का, त्यांना नगरला शिकायला राहायची सोय नसते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. फ्लॅटसाठी एजंटला फोन केलाय, पझेशन झाल्यावर लगेच विकू, बायकोनेच नंबर काढून दिला. गाडीचं पुढच्या महिन्यात बघतो.

जालनेकर दादा, बोर्डिंगला द्यायचं तर नक्की कसं द्यायचं? चेक संस्थेच्या नावाने की मुलींची फी थेट शाळेत भरायची? आणि आत्ता द्यायचं की जूनला?

जालनेकर

आत्ता काही देऊ नका. आधी दोघं मिळून एका रविवारी जा, वॉर्डन बाईंशी बोला, मुलींबरोबर जेवा, पैशाचा विषय पहिल्या भेटीत काढूच नका. मग विचारा किती मुली फी अभावी परत जातात, त्यांच्याकडे यादी असते. फी शाळेत थेट भरता आली तर बरं, पावती मुलीच्या नावाची घ्या म्हणजे तिला उपकाराचं ओझं होत नाही. मेसचे पैसे मात्र संस्थेच्या खात्यात चेकनेच. आणि एकदाच मोठी रक्कम देऊ नका, एका मुलीला आठवीत घेतलंत तर बारावीपर्यंत धरा, मध्ये सोडलं तर तिचं फार नुकसान होतं, मी असे दोघं तिघं मित्र पाहिलेत. तुमच्या मुलीला बरोबर न्या, तिच्याशी त्या पोरी मोकळं बोलतील. कुठल्या तालुक्याकडच्या मुलींसाठी करायचंय ते सांगा, नेवासा-शेवगाव पट्ट्यात माझ्या ओळखीचे एक पाळक आहेत, मी त्यांना विचारून ठेवतो.